अल्पमात्रेतील अ‍ॅस्पिरिन : कोणास द्यावे, कोणाचे थांबवू नये

पेठ तालुक्यातील वाड्यापाड्यांवरून आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत हल्ली एक लहानशी गोळी हमखास सापडते. ‘ही कशासाठी घेता?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘रक्त पातळ करायची आहे.’ पूर्वी ही गोळी नाशिकला जाऊन आलेल्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाकडेच दिसे. आता पन्नाशी ओलांडली म्हणून, शेजाऱ्याने सांगितले म्हणून, किंवा औषधी दुकानात सहज मिळाली म्हणून घेणारेही भेटतात. याच्या उलट, ज्यास ती खरोखरच हवी असा रुग्ण ‘आता आयुर्वेदिक सुरू केले, म्हणून ती बंद केली’ असे समाधानाने सांगतो. या दोन चुकांपैकी दुसरी अधिक घातक आहे, आणि तिला आपल्याच व्यवसायाचा हात लागतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचीच चूक आधी सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी सावळघाटापलीकडच्या एका गावचे निवृत्त शिक्षक गुडघ्यांच्या वेदनेसाठी आमच्याकडे येत असत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविलेला होता. स्नेहन-स्वेदनाने थोडा उतार पडला होता. सूज उतरावी म्हणून आम्ही जलौकावचरण करण्याचे ठरविले. रक्त लवकर थांबणार नाही या भीतीने आम्ही त्यांस सांगितले, ‘आठवडाभर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद ठेवा.’ त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांस एक दूरध्वनी करावा, एवढे आम्हांस सुचले नाही. सहाव्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत कळ उठली. घाट उतरून नाशिकला नेईपर्यंत सकाळ झाली होती. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन धमनी पूर्ण बंद झाली होती. ती उघडता आली, जीव वाचला. परंतु हृदयाची ताकद कायमची घटली. गुरुजींनी आम्हांस कधी बोल लावला नाही. तज्ज्ञांनी मात्र दूरध्वनीवर एवढेच विचारले, ‘गोळ्या कोणी बंद केल्या?’ आम्ही उत्तर दिले, ‘आम्ही.’

त्या दिवसापासून या औषधाचा अभ्यास आम्ही नव्याने केला. त्यातील जे व्यवहारात उपयोगी पडले, ते येथे मांडतो.

हे द्रव्य आपल्याला सर्वस्वी परके नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात जे पन्नास महाकषाय सांगितले आहेत, त्यांपैकी वेदनास्थापन गणात ‘वंजुल’ येतो, आणि वंजुल म्हणजे वेतस असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. सह्याद्रीतील नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा याच वेतस कुळातला. युरोपात १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने याच कुळातील झाडाची वाळविलेली साल हिवतापासारख्या ज्वरांत दिल्याचा वृत्तान्त रॉयल सोसायटीस कळविला. १८२८ मध्ये सालीतून सॅलिसिन वेगळे काढण्यात आले. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. वेतसाच्या सालीत अ‍ॅस्पिरिन नसते. असते ते सॅलिसिन. ज्या अ‍ॅसिटिल गटामुळे हे औषध हृद्रोगात उपयोगी पडते, तो गट प्रयोगशाळेत जोडलेला आहे. त्यामुळे ‘गोळीऐवजी वाळुंजाच्या सालीचा काढा घ्या’ हा सल्ला ज्वरात किंवा वेदनेत कदाचित चालेल, स्टेंटच्या रुग्णात चालणार नाही. असा सल्ला दिल्याचे आमच्या कानावर आले आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

क्रिया कशी होते?

रक्तात वाहणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, या जखम झाली की एकमेकींना चिकटून भोक बुजवितात. एकमेकींना बोलावण्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य सोडतात. हे द्रव्य बनविणारे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर अ‍ॅस्पिरिन कायमचे बंद पाडते. प्रोस्टाग्लँडिन व अ‍ॅस्पिरिन यांचा हा संबंध जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविला आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. शरीरातील इतर पेशी नवे विकर तयार करू शकतात. रक्तबिंबिकेस केंद्रक नसल्यामुळे ती ते करू शकत नाही. एकदा बंद पडलेली रक्तबिंबिका आठ-दहा दिवसांचे आपले आयुष्य संपेपर्यंत तशीच राहते. रोज सुमारे दहावा हिस्सा नव्या रक्तबिंबिका येतात, तेवढ्यांना गाठण्यास ७५ ते १०० मिलिग्रॅम रोज पुरते. जास्त मात्रेने हृदयाचा लाभ वाढत नाही, जठराची हानी मात्र वाढते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, ‘रक्त पातळ होते’ हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. रक्त पातळ होत नाही, त्याची गुठळी धरण्याची प्रवृत्ती कमी होते. रुग्णास ‘पातळ’ म्हटले की तो ‘घट्ट’ रक्ताची कल्पना करतो, आणि थंडीत पाय जड झाले तरी गोळी मागतो. दुसरी गोष्ट अशी की गोळी बंद केल्यावर तिचा परिणाम चार-पाच दिवसांत बराचसा ओसरतो. आमच्या गुरुजींस सहाव्या दिवशी कळ आली, त्यात नवल काहीच नव्हते.

लाभ कोणास, आणि किती?

ज्यास हृदयविकाराचा झटका, गुठळीमुळे झालेला पक्षाघात, स्टेंट किंवा बायपास यांपैकी काहीही होऊन गेले आहे, त्याच्या बाबतीत प्रश्नच उरत नाही. २००९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांपैकी अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्या हजारांत वर्षाला ८२ जणांस पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तत्सम कारणाने मृत्यू असे काहीतरी झाले. घेणाऱ्या हजारांत ६७ जणांस. हजारामागे पंधरा हा आकडा वरवर लहान वाटेल, परंतु तो दरवर्षीचा आहे आणि गोळीची किंमत नगण्य आहे.

आता त्याच विश्लेषणातील निरोगी माणसांचे आकडे पाहावेत. येथे हजारांत नव्हे, दहा हजारांत मोजावे लागते. न घेणाऱ्या दहा हजारांत वर्षाला ५७ जणांस हृदयाचा वा मेंदूचा आघात झाला, घेणाऱ्यांत ५१ जणांस. म्हणजे सहा वाचले. पण त्याच दहा हजारांत जठरादी ठिकाणी मोठा रक्तस्राव ७ ऐवजी १० जणांस झाला. सहा मिळविण्यासाठी तीन गमावले. २०१८ मध्ये तर चित्र आणखी स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी वृद्धांवरील अ‍ॅस्प्री या चाचणीत रोज १०० मिलिग्रॅम घेऊनही धडधाकट आयुष्य वाढले नाही, मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी मधुमेह असलेल्या १५,४८० जणांवरील अ‍ॅसेंड चाचणीत साडेसात वर्षांच्या सुमारास आघात ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले आणि रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. एका हाताने दिले, दुसऱ्याने जवळजवळ तितकेच काढून घेतले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने साठी उलटलेल्यांनी केवळ प्रतिबंधासाठी ही गोळी नव्याने सुरू करू नये असे स्पष्ट सांगितले. चाळीस ते एकोणसाठ या वयात ज्याचा धोका मोठा आणि रक्तस्रावाची शक्यता कमी, त्याच्यापुरता निर्णय तज्ज्ञाने घ्यावा.

आपल्याकडील वयस्कांत पुष्कळांस अम्लपित्ताचा त्रास असतो, कित्येकांस परिणामशूल असतो, काहींस मोहाच्या दारूची सवय असते, आणि गुडघेदुखीसाठी दुखणे मारण्याच्या गोळ्या चालू असतात. या चारही गोष्टी अ‍ॅस्पिरिनचा रक्तस्राव वाढविणाऱ्या. तेव्हा निरोगी माणसास ही गोळी देण्याचे टाळावे, हे पाश्चात्त्य देशांपेक्षाही आपल्या भागास अधिक लागू आहे, असे आमचे मत आहे. तंबाखू सोडविणे, रक्तदाब मोजणे आणि मधुमेहाकडे लक्ष देणे यांतून याहून अधिक हृदये वाचतील.

छातीत कळ उठली तर

पेठहून नाशिक सुमारे पंचावन्न किलोमीटर, वाटेत कोटंबीचा घाट आणि सावळघाट. पावसाळ्यात दाट धुके, कधी दरड. भारतातील ८९ रुग्णालयांत २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा क्रिएट हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास निघाला. तो सबंध देशाचा. घाटमाथ्यावरच्या पाड्यांचा याहून कमी असेल, असे मानण्यास जागा नाही. या सहा तासांत रुग्णापाशी कोण असतो? बहुधा आपल्यापैकीच कोणी वैद्य, किंवा औषधी दुकानदार.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांचा समावेश होता. अ‍ॅस्पिरिन मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आले. हजार रुग्णांमागे सुमारे चोवीस प्राण, आणि तेही एका साध्या गोळीने. म्हणून छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ, थंड घाम अशी लक्षणे दिसताच, पूर्वी अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी झालेली नसेल आणि कोठून रक्त जात नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खावयास द्यावे. गिळू देऊ नये. पाण्यात विरघळणारी गोळी असल्यास विरघळवून द्यावी. केवळ ७५ ची आवरणयुक्त गोळी हाती असेल तर चार गोळ्या नीट चावावयास लावाव्यात. न चावता गिळल्यास ते आवरण आतड्यात जाईपर्यंत विरघळत नाही व मोलाचा वेळ जातो. १०८ ला आधीच कळवावे आणि किती वाजता किती मात्रा दिली, ते चिठ्ठीवर लिहून रुग्णाबरोबर द्यावे. चिठ्ठी नसेल तर नाशिकला तीच मात्रा पुन्हा दिली जाते.

हाच नियम पक्षाघातास लावू नये, हे मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखे आहे. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, वाणी अडखळली, तर तो आघात गुठळीमुळे आहे की मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे, हे बाहेरून पाहून कोणासही सांगता येत नाही, नाडीवरूनही नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी गुठळीच्या पक्षाघातात लवकर दिलेल्या अ‍ॅस्पिरिनचा लाभ दाखविला हे खरे. पण तो निर्णय सीटी स्कॅन झाल्यावरचा. रक्तस्राव असेल तर आपण दिलेली गोळी तो वाढवील. अशा रुग्णास तोंडाने काहीही न देता नाशिकला पाठवावे.

आमच्या दैनंदिन चिकित्सेत

जलौका, सिरावेध, अग्निकर्म यांपूर्वी ‘रक्त पातळ करण्याची गोळी घेता का?’ हा प्रश्न आमच्या रुग्णपत्रिकेवर आता पहिल्या ओळीत छापलेला आहे. उत्तर ‘होय’ असल्यास पुढचा प्रश्न, ‘कशासाठी?’ स्टेंट, झटका वा पक्षाघात असेल, तर बदलायचे ते आपले कर्म. गोळीस हात लावायचा नाही. जलौकेच्या लाळेतच गुठळी रोखणारे द्रव्य असते. जॉन हेक्राफ्ट यांनी ते १८८४ मध्येच दाखविले होते. त्यावर अ‍ॅस्पिरिनची भर पडली की दंशस्थान तासन्‌तास पाझरत राहते. मग अशा रुग्णात रक्तमोक्षणाचा हट्ट धरण्याचे कारण काय? लेप, स्वेद, बस्ती हे पर्याय आपल्या हाती आहेतच. स्वीडनमधील सहा लाखांहून अधिक अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रिया वा रक्तस्राव असे कारण नसताना गोळी सोडणाऱ्यांत हृदय-मेंदूच्या आघातांचे प्रमाण ३७ टक्के अधिक आढळले. दात काढण्यासाठी गोळी बंद करावयास सांगणारेही पुष्कळ आहेत. बहुतेक वेळा त्याची आवश्यकता नसते.

लसूण, आले, हळद, गुग्गुळ यांचा रक्तबिंबिकांवर परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. आहारातील मात्रेस हरकत नाही. परंतु अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्या रुग्णास लसणाचे वा गुग्गुळाचे कल्प मोठ्या मात्रेत देताना हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, नाकातून रक्त यांची विचारपूस प्रत्येक भेटीत करावी. मलाचा रंग विचारताना एक चूक आमच्याकडून एकदा होता होता राहिली. काळा, डांबरासारखा चिकट मल हे जठरातील रक्तस्रावाचे लक्षण; पण नवायस लोह किंवा मंडूर चालू असेल तर मल तसाही काळा होतो, आणि वैद्य निश्चिंत राहतो. अशा वेळी मलास चिकटपणा व दुर्गंधी आहे का, चक्कर येते का, नाडी जलद आहे का, हे पाहावे आणि शंका आल्यास रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. तमकश्वासाच्या, त्यातही नासार्श असलेल्या रुग्णांपैकी काहींस अ‍ॅस्पिरिनने श्वासाचा तीव्र वेग येतो. वातरक्ताच्या रुग्णात अल्पमात्रेनेही यूरिक आम्ल वाढू शकते. तरी स्टेंट असल्यास त्यासाठी गोळी सोडू नये.

आयबुप्रोफेनचा उल्लेख वेगळा करावा लागेल. ते आधी घेतले तर विकराची जागा अडवून बसते, मागून आलेल्या अ‍ॅस्पिरिनला तेथे शिरता येत नाही, आणि ते काही तासांत शरीराबाहेर निघून जाते. रुग्ण दोन्ही गोळ्या नियमाने घेतो आणि हृदयास संरक्षण मात्र मिळत नाही. सांधेदुखीच्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत वेदनाशामके व स्टेरॉइड मिसळलेली असतात, हे तपासण्यांत पुन:पुन्हा उघड झालेले आहे. त्या पुड्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून खपतात आणि बदनामी आपल्या वाट्यास येते.

गर्भिणीच्या बाबतीत थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण येथे गैरसमज अधिक आहे. पूर्वीच्या गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या, किंवा मूळचाच रक्तदाब असलेल्या स्त्रीस प्रसूतितज्ज्ञ बाराव्या आठवड्याच्या सुमारास अल्पमात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ती मासानुमासिक परिचर्येसाठी आपल्याकडे येते आणि सासू विचारते, ‘गर्भारपणी रक्त पातळ करायची गोळी कशाला?’ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत अधिक धोका असलेल्या १,७७६ स्त्रियांत रात्री १५० मिलिग्रॅम दिल्याने सदतिसाव्या आठवड्यापूर्वी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनाही अशा स्त्रियांस ७५ मिलिग्रॅमची शिफारस करते. आपण ती सुरू करू नये, तशी बंदही करू नये. सासूबाईंस मात्र नीट समजावून सांगावे. आमच्या अनुभवात त्या पटकन ऐकतात.

औषधी दुकानदार मित्रांसाठी

पावसाळी ज्वराच्या दिवसांत अंगदुखीसाठी पाण्यात विरघळणारी गोळी मागणारे गिऱ्हाईक रोज येते. त्या गोळीत ३२५ ते ३५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन असते. डेंग्यूत रक्तबिंबिका आधीच घटलेल्या असतात. त्यात अ‍ॅस्पिरिन म्हणजे रक्तस्रावास निमंत्रण. ज्वरासाठी पॅरासिटामॉल द्यावे. मुलांस तर ज्वरात अ‍ॅस्पिरिन देऊच नये. विषाणुजन्य तापात त्यातून यकृत व मेंदूस ग्रासणारा रे सिंड्रोम होतो. ब्रिटनने १९८६ मध्ये बारा वर्षांखालील आणि २००२ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरविले.

जोडगोळ्यांकडे लक्ष असावे. एका डॉक्टरांनी साधी इकोस्प्रिन ७५ लिहिलेली असते, दुसऱ्यांनी तिचीच ‘एव्ही’ कॅप्सूल, जिच्यात अ‍ॅस्पिरिन व अ‍ॅटोर्वास्टॅटिन दोन्ही असतात. रुग्ण दोन्ही घेत राहतो, कारण नावे वेगळी वाटतात. दुकानदाराच्या एका प्रश्नाने हे थांबते. तसेच दर महिन्यास गोळी नेणारा स्टेंटचा रुग्ण या महिन्यात आला नाही, हे सर्वांत आधी दुकानदारासच कळते. द्राक्षांच्या कामासाठी नाशिककडे गेलेली माणसे दिवाळीनंतर महिनोन्‌महिने परतत नाहीत. त्यांस जाण्यापूर्वीच तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात.

आणि एक लहानशी, पण आमच्या पावसाच्या मुलुखात महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅस्पिरिन ओलावा धरते. ओलाव्याने तिचे सॅलिसिलिक व अ‍ॅसेटिक आम्लांत विघटन होते, आणि गोळीस शिरक्यासारखा आंबूस वास येतो. कागदाच्या पुडीत सुट्या बांधून दिलेल्या गोळ्या जुलै-ऑगस्टमध्ये पाड्यावरच्या घरात खराब होतात. पट्टी कापून द्यावी, गोळी पट्टीतून काढून देऊ नये. गुरुजी आजही गुडघ्यांसाठी आमच्याकडे येतात. गेल्या आषाढात त्यांनी पिशवीतून डबी काढून आमच्यापुढे धरली, तेव्हा तिला तोच वास येत होता. आम्ही त्या गोळ्या टाकून दिल्या आणि समोरच्या दुकानातून नवी पट्टी मागविली.